गार्डची नात

“मिस ओझेला, आता तुम्हीच तिला सांगा. माझं ती ऐकत नाही,” म्हणत कोचबाईंनी मला हॉलबाहेरच्या बोळात गाठलं. माझ्या एका हातात फॉइलमध्ये गुंडाळलेला पाउंड केक होता. दुसरा हात डोक्यावर, हॅट सावरायला. जांभळी, पिसाची हॅट. एरवी मी ती फक्त ईस्टरला काढते.

“काय सांगू?”

“आज पहिला बास्केट तिला मिळणार आहे. समोरच्या टीमच्या कोचशी मी बोलून ठेवलंय. सुरुवातीला चेंडू वर उडवला की त्यांची पोरगी उडी मारणार नाही. चेंडू आपल्याकडं येईल. ट्रेल जाळीखाली उभी असेल. तिला पास द्यायचा, तिनं टाकायचा. त्यांच्या पोरी जागच्या हलणार नाहीत. मग त्यांनाही आपण असाच एक देणार, म्हणजे फिटंफाट. तिला बाहेर घ्यायचं आणि खरा सामना सुरू करायचा. शेवटच्या वर्षाची पोरगी जखमी असली की करतात असं. पद्धतच आहे.”

“आणि ती काय म्हणते?”

“म्हणते, भिकेतला नको.”

पोरगी माझी आहे, मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, “हा केक धर. पोरींना सामना झाल्यावर दे. आधी दिलास तर पोटात दगड होईल.”

कोच बार्कसडेल बाई तशी वाईट नाही. तरुण आहे, नीटनेटकी आहे, आणि पराभव झाला की पोरींऐवजी स्वतःला बोल लावते. पण दुसऱ्याच्या दुःखाची तिला घाई फार. दिसलं दुःख की लगेच त्यावर काहीतरी बांधायला धावते.

ट्रेल म्हणजे शॉन्ट्रेल, माझी नात. माझी मुलगी रोझेटा साखरेच्या आजारानं गेली तेव्हा ट्रेलचे दुधाचे दात पडत होते. त्या दिवसापासून ती माझ्याकडं. दफनाच्या जेवणाला आलेल्या बायका कुजबुजत होत्या, ‘ओझेला या वयात पोर कशी वाढवणार?’ मी स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं की जशी तुमची वाढवली तशीच, तुम्ही शेतावर होतात तेव्हा. मग सगळ्यांनी मुकाट्यानं हिरवी भाजी वाढून घेतली.

आम्ही पायनी फोर्कचे. पश्चिम टेनेसीत कापसाच्या शेतांमध्ये एक चर्च, एक दुकान आणि मोजकी घरं आहेत, ते पायनी फोर्क. तिथं अंगणात गवत ठेवत नाहीत. गवत वाढलं तर त्या घरची बाई आळशी, असं माझ्या आईनं ठरवून टाकलं होतं आणि मी ते मोडलेलं नाही. रोज सकाळी डॉगवुडच्या बारीक फांद्या बांधून केलेल्या झाडूनं मी अंगणाची माती झाडते, इतकी की त्यावर कोंबडी चालून गेली तरी पाऊल दिसावं. त्या अंगणात विजेच्या खांबाला माझ्या नवऱ्यानं, हर्शेलनं, पिंपाचं कडं ठोकलं होतं. आमच्या मुलग्यांसाठी. मुलगे शिकागोला गेले, हर्शेल देवाघरी गेला, आणि कड्याखाली ट्रेल उभी राहिली.

पोर ताडमाड वाढली. सातवीत असताना तिचे पाय माझ्या धाकट्या भावाच्या, ऑर्व्हिलच्या बुटात बसायला लागले. शाळेतली पोरं तिला शिडी म्हणायची. रडत घरी आली की मी म्हणायचे, “शिडीला काय रडायचंय? रडतात ते खालचे.” आणि झाडू घेऊन कड्याखाली उभी राहायचे. झाडू दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरायचे. “टाक आता. माझ्यावरनं टाक.” सुरुवातीला चेंडू झाडूलाच आदळायचा, कधी माझ्या कपाळाला. मी झाडू एक बोटभरसुद्धा खाली घेतला नाही. हळूहळू ती मनगट असं वळवायला शिकली की चेंडू झाडूच्या टोकावरून चढून जायचा आणि मागं कड्यात पडायचा. नुसता आवाज यायचा. मी वळून बघत नसे.

का बघत नसे, ते सांगायला हवं. मी गार्ड होते.

आज ज्यांनी हा खेळ टीव्हीवर बघितलाय त्यांना ते कळायचं नाही. आमच्या वेळी मुलींचा बास्केटबॉल निराळा होता. एका बाजूला सहा मुली. तीन फॉरवर्ड, तीन गार्ड. मैदानाच्या बरोबर मधे रेषा. फॉरवर्डनी रेषेच्या एका बाजूला राहून चेंडू जाळीत टाकायचा. गार्डनी दुसऱ्या बाजूला राहून समोरच्यांना अडवायचं. रेषेवर पाय पडला की शिट्टी. मुली जास्त धावल्या तर त्यांच्या आतलं काहीतरी निसटेल, अशी मोठ्या लोकांना काळजी होती. दिवसभर कापूस वेचताना आमचं काही निसटत नसे, ते कुणी बघितलं नाही.

फॉरवर्ड कोण व्हायचं, तर प्रीचरची मुलगी, दुकानवाल्याची मुलगी, ज्यांचे केस सरळ आणि मोजे पांढरे. आम्ही बाकीच्या गार्ड. मला चेंडू मिळायचा तो फक्त रेषेपलीकडं द्यायला. जाळीकडं तोंड करून, सामन्यात, लोकांसमोर चेंडू टाकणं माझ्या नशिबी कधी आलं नाही. आठवीनंतर शाळाच सुटली. पण आमच्या बाईंनी गार्डला जे शिकवलं ते हाडात बसलं. हात वर. हात कायम वर. चेंडूकडं बघू नका, पोरीच्या डोळ्यांत बघा. आणि चेंडू सुटला की मागं वळू नका. मागं वळली ती पुढच्या उडीला उशिरा पोचते.

अशा बाईची नात फॉरवर्ड झाली. तीही कॉलेजात. चर्चमध्ये प्रीचरची ती मुलगी, आता म्हातारी झालेली, मला विचारते, “ओझेला, तुझी नात कुठं खेळते?” मी तिचं पुरतं ऐकूनही न घेता म्हणते, “पुढं.”

कॉलेजातली तिची वर्षं मात्र कुणाला सांगण्यासारखी गेली नाहीत. पहिलं वर्ष तिला नुसतं सरावाला ठेवलं. पुढची दोन वर्षं बाकावर. सामना जिंकून झालेला असला किंवा हातचा गेलेला असला की कोच तिला आत पाठवायची. कुणाला तरी धडक घे, पडलेला चेंडू उचल, दुसऱ्याला दे, बाहेर ये. ऑर्व्हिल म्हणायचा, “ओझी, तुझ्या नातीला खेळायला ठेवलंय की हमाली करायला?” मी म्हणायचे, “हमाली करणाऱ्याच्या पाठीत ताकद येते. तुझ्या पाठीत काय आहे?” पण घरी आल्यावर मी झाडू घेऊन अंगणात जास्त वेळ काढत असे.

शेवटच्या वर्षी तिची वेळ आली. पहिल्या पाचांत उतरली आणि अशी खेळली की जिल्ह्याच्या गावात किराणा दुकानावरचा गोरा पोऱ्या मला म्हणाला, “तुम्ही तिच्या आजी ना?” मी म्हटलं, “ती माझी नात आहे. फरक आहे.” तिचा तो मनगटाचा चेंडू कुणालाच अडवता येईना. उंच पोरी उडायच्या, चेंडू त्यांच्या बोटांवरून चढून जायचा. त्यांना काय ठाऊक, तो झाडूवरून जायला शिकलाय.

मग ख्रिसमसनंतर दुसऱ्या कुणाच्या हॉलमध्ये ती चेंडूसाठी उडाली आणि खाली येताना पाय मुडपला. मी तिथं नव्हते. ऑर्व्हिलच्या रेडिओवर ऐकलं. रेडिओवरचा माणूस बोलता बोलता गप्प झाला, आणि लोकांची गर्दी कशी शांत होते ते मी घरबसल्या ऐकलं. डॉक्टरनं गुडघा उघडून शिवला आणि सांगितलं की चालेल, नीट चालेल. खेळायचं विचारू नका.

आणि आज तिचा निरोपाचा सामना. घरच्या मैदानावरचा शेवटचा. शनिवारची दुपार.

मी कपडे बदलायच्या खोलीचं दार ढकललं. ट्रेल एकटीच बाकावर बसली होती, अंगात टीमचा पोशाख, डावा पाय समोरच्या खुर्चीवर सरळ ठेवलेला, त्याला मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टे. कुबड्या भिंतीला टेकलेल्या.

“कोचनं पाठवलं ना तुला, बिग मामा?” आमच्याकडं आजीला असंच म्हणतात.

“मला कुणी पाठवत नाही. मी येते.”

“हॅट बघ केवढी! मागचे लोक तिकिटाचे पैसे परत मागतील.”

“मागू दे. चर्चमध्ये प्रभूला दिसतं माझ्या हॅटआडून, यांना काय धाड भरलीय?”

ती हसली, पण नुसत्या ओठांनी. मी तिच्या शेजारी बसले. बाहेर हॉलमध्ये ढोल वाजत होते, त्याची धडधड भिंतीतून पाठीला लागत होती.

“तू घेतला असतास?” तिनं विचारलं.

“मला कुणी देऊ केलाच नाही. त्यामुळं मला सांगता यायचं नाही.”

“मला टाकायचाय गं एक.” तिचा आवाज एकदम लहान झाला. “एकच. झोपेत हात हलतो माझा. रूममधल्या पोरी हसतात. पण खरा हवा. समोर कुणीतरी पाहिजे. त्या पाचजणी पुतळ्यासारख्या उभ्या राहणार आणि मी लंगडत टाकणार, लोक टाळ्या वाजवणार... मी काय वाढदिवसाचं पोर आहे का?”

“आता तुझ्यासमोर कुणी उभं राहायचं नाही, ट्रेल. तुझा पाय बघून कुणाची छाती होणार नाही.”

“ठाऊक आहे मला.”

“मग असा टाकलास तर एक मिळेल. नाही टाकलास तर एकही नाही.”

“म्हणजे तुझं म्हणणं, घे.”

मला खरं तर म्हणायचं होतं, उठ, कुबड्या घे, आपण घरी जाऊ. पण मग मला आठवलं की मी शाळा सोडली त्या दिवशी हॉलमध्ये कुणी नव्हतं, चेंडू आणि जाळी तिथंच होती, एक टाकता आला असता, आणि तरी मी ताठ मानेनं निघून आले होते. त्या ताठ मानेचा मला पुढं काही उपयोग झालेला नाही.

“माझ्यासाठी घे,” मी म्हटलं. “गाडीत ऑर्व्हिलचं गाणं ऐकत एवढ्या लांब आलेय. तुला बाकावर बसलेली बघायला नाही आले. तुझा हात वर जाताना बघायचाय मला.”

तिनं गुडघ्यावरचा पट्टा आवळला. मग म्हणाली, “होय मॅम.”

आमच्या घरात ‘होय मॅम’ नंतर बोलणं संपतं. पण तिनं ते एरंडेल घेताना म्हणायची तसं म्हटलं होतं.

निरोपाच्या सामन्याला अशी पद्धत की शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक पोरीनं आपल्या आईच्या हाताला धरून मैदानाच्या मधोमध यायचं. तिथं कोच आईला फुलं देते, पोरीला मिठी मारते, लोक उभे राहतात. आमच्या आधी दोघी गेल्या. मग भोंग्यावर आमचं नाव आलं. ट्रेल कुबड्यांवर, मी तिच्या कोपराला धरून. लाकडी जमीन इतकी चकचकीत की त्यात माझी हॅट उलटी दिसत होती.

कोच मधल्या रेषेच्या पलीकडं फुलं घेऊन उभी होती. मी रेषेपाशी आले आणि थांबले.

मी ठरवून थांबले नाही. पायच थांबला. बुटाचं टोक रेषेच्या अलीकडं, अगदी लागून. हॉलभर लोक टाळ्या वाजवताहेत, कोच हात पुढं करतेय, आणि मी तिथंच, जमिनीत रोवल्यासारखी.

“चल ना, बिग मामा,” ट्रेल कानाशी म्हणाली. “नाही वाजवत कुणी शिट्टी.”

मी हॅट सरळ केली आणि पलीकडं पाय टाकला. फुलं पिवळी होती. आजवर मला मिळालेली बाकी सगळी फुलं दफनाची.

मग मला ऑर्व्हिलजवळ जागेवर आणून बसवलं. मागून एक माणूस म्हणाला, “बाई, जरा हॅट काढता का? माझ्या बायकोला दिसत नाही.”

“तिला म्हणावं, पुढं सरक. आम्ही पुढं यायला फार वेळ थांबलोय.”

“ओझी,” ऑर्व्हिल पुटपुटला, “आज तरी कुणाशी भांडू नकोस.”

“मी भांडत नाही. उत्तर देते.”

टीम मैदानात उतरल्या. ट्रेलनं कुबड्या बाकाला टेकवल्या आणि एका पायावर भार देत, दुसरा नुसता टेकवत, समोरच्या जाळीपाशी जाऊन उभी राहिली. जाळीच्या जवळ, उजव्या अंगाला. तिथूनच ती नेहमी टाकायची. पंचानं चेंडू वर उडवला. त्यांची पोरगी उडाली नाही. आमच्या पोरीनं चेंडू घेतला, कुणाची आडकाठी नाही असं रमतगमत पुढं आली, आणि ट्रेलला पास दिला. छातीशी, मऊ, आजारी माणसाच्या हातात पेला द्यावा तसा.

सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या आधीच सुरू झाल्या. चेंडू अजून तिच्या हातातच होता आणि टाळ्या झाल्याही.

मी तिच्या डोळ्यांत बघत होते. मला तेवढंच येतं. तिच्या डोळ्यांत काही नव्हतं. चार वर्षांत मी त्या पोरीला बाकावर बसलेली बघितली होती, हरलेली बघितली होती, इस्पितळात गुंगीत बघितली होती. तिचे डोळे इतके विझलेले कधी नव्हते. आणि तिच्यासमोर त्यांच्या पाचजणी. दोन्ही हात खाली सोडून. एकीनं तर ते पाठीमागं बांधले होते, प्रार्थनेला उभं राहावं तसे.

मी ओरडले.

“हात वर!”

लोक पुढं म्हणाले की ओझेला प्रुइटनं ठरवून केलं. नाही. ओरडायचं असं माझ्या मनातही आलं नव्हतं. ज्या आवाजात आमच्या बाई ओरडायच्या, ज्या आवाजात मी अंगणात स्वतःवरच ओरडत असे, तो आवाज माझ्या पोटातून निघाला आणि टाळ्यांवरून पार गेला.

“हात वर, पोरी! हात वर!”

ट्रेलच्या सगळ्यात जवळ त्यांची एक ठिपक्याठिपक्यांच्या चेहऱ्याची पोरगी होती, पहिल्याच वर्षाची असावी. तिला कुणी ओरडलं की ऐकायची सवय होती. तिचे हात तिच्या आधी वर गेले. आणि हात वर गेलेली पोरगी स्वस्थ उभी राहू शकत नाही. तिनं एक पाऊल आत घेतलं.

तेव्हा ट्रेलचे डोळे पेटले. मी बघितलं. कुणी काहीही म्हणो, मी बघितलं. तिनं चांगल्या पायावर सगळा भार घेतला, चेंडू कपाळाशी नेला, ती पोरगी उडाली, आणि ट्रेलचं मनगट वळलं. चेंडू त्या पोरीच्या बोटांवरून चढून गेला.

पुढचं मी बघितलं नाही. मी ट्रेलकडंच बघत होते. कड्यावर आदळल्याचा आवाज आला, मग दुसरा, मग काहीच नाही. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्यावरून मला कळलं की चेंडू आत गेला नाही.

हॉलमध्ये एकदम सामसूम झाली. चेंडू त्या ठिपक्यांच्या पोरीच्या हातात पडला होता. तिचं तोंड लालभडक. ती आधी आपल्या कोचकडं बघायला लागली, मग ट्रेलकडं. तिनं चेंडू पुढं केला. ट्रेलनं मान हलवली, काहीतरी बोलली, चेंडू घेऊन पंचाकडं टाकला आणि एका पायावर उड्या मारत बाहेर आली. मधे दोन मैत्रिणी आधार द्यायला धावल्या, तर तिनं हातानंच त्यांना लांब ठेवलं. बाकावर बसली. कोचकडं न बघता टॉवेल डोक्यावर घेतला.

“तुम्ही काय केलंत हे, बाई?” मागचा माणूस म्हणाला. “बिचारीचा शेवटचा होता!”

“म्हणूनच,” मी म्हटलं.

ऑर्व्हिल माझ्याकडं विचित्र नजरेनं बघत होता. “ओझी,” तो म्हणाला, “हात.”

माझे दोन्ही हात वर होते. डोक्याच्या वर, सरळ, बोटं पसरलेली. फुलं पायाशी पडली होती. मला ते हात खाली घेता येईनात. शेवटी ऑर्व्हिलनं माझी मनगटं धरली आणि एक एक करून हात माझ्या मांडीवर आणून ठेवले.

परतताना ट्रेल मागच्या सीटवर आडवी बसली आणि पाय माझ्या मांडीवर टाकला. शेतं नांगरून पडली होती. ऑर्व्हिलनं पहिल्यांदाच रेडिओ लावला नाही की गाणं म्हटलं नाही.

“कोच बोलली का काही?” मी विचारलं.

“तुझ्याबद्दल?”

“नाहीतर कुणाबद्दल? माझा केक ठेवून घेतला ना तिनं?”

“खाल्ला. म्हणाली, तुझ्या आजीला पुढच्या वेळी केक पाठवायला सांग, स्वतः येऊ नको म्हणावं.” मग थोड्या वेळानं, “पुढच्या वेळी म्हणाली. चुकून.”

मी तिच्या पावलावर हात ठेवला. बूट काढलेले होते. केवढालं ते पाऊल. एके काळी माझ्या ओंजळीत दोन्ही मावायची.

“ती पोरगी काय म्हणाली तुला?”

“सॉरी म्हणाली. तिला वाटलं, त्यांचीच कोच ओरडली. म्हणाली, परत टाक, मी नाही हलणार.”

“मग तू?”

“मी म्हटलं, नको. बरोबर उडालीस.”

“आणि आमची ओझी बरोबर ओरडली, ते नाही सांगितलंस?” ऑर्व्हिल आरशातून म्हणाला. “त्या पोरीला आयुष्यभर वाटेल, टेनेसीत भुतं आहेत, जांभळी हॅट घालतात.”

ट्रेल हसायला लागली. खरंच हसली, पोट धरून. मग हसता हसताच तिचा आवाज फाटला आणि तिनं कोटाच्या बाहीत तोंड खुपसलं. ऑर्व्हिलनं आरसा वर वळवला. मी तिचं पाऊल धरून बसले. मी आयुष्यात उत्तराला कधी अडले नाही, पण कुणी काही विचारलंच नव्हतं.

बाहीतून तोंड काढून ती म्हणाली, “लांब गेला ना? किंचित?”

“मला काय ठाऊक? मी चेंडूकडं बघत नव्हते.”

“पाय असता तर आत गेला असता.”

“हो.”

“तू कधी ‘हो’ एवढंच म्हणत नाहीस, बिग मामा.”

“आज म्हटलं.”

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चला अजून वेळ होता. मी नेहमीसारखी झाडू घेऊन अंगणात उतरले. माती दवानं थोडी ओली होती. पायरीपासून फाटकापर्यंत कुबड्यांच्या खुणा उमटल्या होत्या, बारीक, गोल, खोल. मधे एकाच बुटाचा ठसा, पुन्हा दोन भोकं, पुन्हा तोच बूट. मी झाडलं. बुटाचे ठसे गेले. भोकं राहिली. झाडूनं माती इकडची तिकडं होते, एवढ्या खोल ती उतरत नाही.

झाडत झाडत मी खांबापाशी आले. कडं गंजून तपकिरी झालंय, एका बाजूला थोडं वाकलंय. शनिवारी सकाळी निघताना ऑर्व्हिल म्हणाला होता, आता हे काढून टाकू, कोंबड्यांच्या खुराड्याला उपयोगी पडेल. मी त्याला काहीतरी लागेलसं बोलले होते, काय ते आता आठवत नाही.

मान वर केली तर ट्रेल खिडकीत होती. रात्रीचाच सदरा, केसांना बांधलेला रुमाल, कपाळ काचेला टेकवलेलं. ती कड्याकडं बघत होती. मी तिथं असल्याचं तिला कळलं की नाही, कोण जाणे.

मी कड्याकडं पाठ केली. झाडू दोन्ही हातांत घेतला आणि डोक्यावर उंच धरला, जितका जाईल तितका. खांदे आता पूर्वीसारखे वर जात नाहीत. मी तिच्या डोळ्यांत बघितलं.

तिची नजर कड्यावरून माझ्याकडं आली. मग तिनं खिडकीची काच वर सरकवली. उजवा हात कपाळाशी नेला. दुसरा हात त्याच्या शेजारी, चेंडूला आधार द्यायला असतो तसा. श्वास घेतला. हात सरळ झाला आणि शेवटी मनगट वळलं, आणि बोटं तशीच हवेत राहिली, खाली झुकलेली.

तिच्या हातात चेंडू नव्हता.

मी मागं वळून बघितलं नाही.